ड्रायव्हर खालीच थांबतो

मेल्यावर माणूस चाळीस दिवस कुठंही जात नाही, ही गोष्ट आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जिथं जिथं त्याचे पाय लागले होते, त्या सगळ्या जागा तो या दिवसांत पुन्हा एकदा फिरून घेतो. चाळिसाव्या दिवशी सूर्य मावळला की संपलं. मग हाका मारून घसा फोडलात तरी उपयोग नाही. मेतोदी जन्मभर या गोष्टीला हसला. तो बसचा ड्रायव्हर. डिझेल, टायर आणि घाटातली वळणं, एवढ्यावरच त्याचा विश्वास. पण त्याची बायको बिस्त्रा गेली, आणि अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी हा माणूस चार मजले चढून मेहुणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, उद्या सकाळी गाडी काढतोय. येता का?"

रुस्का ही बिस्त्राची थोरली बहीण. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले, पण जिभेला काही म्हणजे काही झालेलं नाही. बहीण गेल्यापासून ती मेतोदीशी बोलत नव्हती. कबरीवर पाद्र्यानं प्रार्थना म्हटली तेव्हासुद्धा ती मुद्दाम पलीकडच्या बाजूला उभी होती.

"कुठं जायचंय?" तिनं दार अर्धंच उघडून विचारलं.

"बिस्त्राच्या फेरीवर. कोप्रिवश्तित्सा, तर्नोवो, त्र्याव्ना, शिपका. ती आता तिथंच असेल. मला तिला एक सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"की मी येतच होतो."

रुस्का त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वरातीमागून घोडं!" आणि तिनं दार लावून घेतलं.

तो काय सांगायला निघाला होता ते तिला बरोबर कळलं होतं. बिस्त्राला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तो दोघी बहिणींना दारात सोडून म्हणाला होता, "तुम्ही व्हा वर, मी गाडी लावून आलोच." गाडी लावायला जागा मिळेना. एक जागा मिळाली तर कुणीतरी मध्येच घुसला, त्याच्याशी हा भांडत बसला. शेवटी मागच्या बाजूला एक जागा मिळाली. तिथं गाडी लावून तो जरा वेळ बसला. तपासण्या तर चालू असतील, आपण वर जाऊन काय करणार, असं त्याला वाटलं. सवयच होती तशी. आणि तिसऱ्या मजल्यावर बिस्त्रा गेली. हा खाली गाडीत बसून सफरचंद खात होता. आता काय बोलायचं अशा माणसाला?

सकाळी तो लाडा गाडी घेऊन रुस्काच्या इमारतीखालून मुकाट निघाला होता, तर ही बया फाटकाशी उभी. काळा रुमाल, काळा कोट, एका हातात काठी, पायाशी दोन पिशव्या. एकीत उकडलेल्या गव्हाचं पातेलं, साखर आणि अक्रोड घातलेलं. दुसरीत पाव.

"माझ्या बहिणीच्या नावानं गहू कोण वाटणार? तू?" ती म्हणाली. "उघड दार, ड्रायव्हरसाहेब."

मागच्या सीटवर मेतोदीनं निधनाचे कागद ठेवले होते, एक गठ्ठाच. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापून ते कागद दारावर, खांबावर, झाडावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. ते काढायचे नसतात, वाऱ्यापावसानंच जायचे असतात. प्लोव्दिवला त्यांच्या गल्लीत तर बिस्त्रा अजून प्रत्येक खांबावर हसत होती. पण तिची माणसं गल्लीत थोडीच होती! तिची माणसं होती त्या जुन्या गावांत. तीस वर्षं ती प्रवाशांची गाइड होती, आणि तीसही वर्षं तिची बस मेतोदीनंच चालवली. निळी बस. दोन दिवसांची फेरी, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत. लोक म्हणायचे, काय नशीबवान जोडपं, नवरा-बायको सोबत देश बघतात.

कोप्रिवश्तित्साला तो सरळ ओढ्याकाठी बस लावायच्या जागी गेला. तिथला राखणदार लांबूनच ओरडला, "अरे मेतोद्या! जिवंत आहेस होय!" मग त्यानं कागदावरचा फोटो बघितला आणि टोपी काढली. कागद त्यानं स्वतःच आपल्या टपरीच्या काचेवर लावला. टपरीत बसणारे जुने ड्रायव्हर उठले, रुस्कानं एकेकाच्या तळहातावर चमचाभर गहू घातला, आणि ते म्हणाले, "देव तिला क्षमा करो." मेतोदीला बरं वाटलं. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

"आता वर," रुस्का म्हणाली. "ती लोकांना कुठल्या घरात न्यायची?"

मेतोदी रस्त्यावर उभा राहून इकडं बघतोय, तिकडं बघतोय. दोन्हीकडं चढाच्या दगडी गल्ल्या, उंच भिंती, मोठमोठे लाकडी दरवाजे.

"तिकडं असेल."

"असेल म्हणजे?"

"ताई, मी कधी गेलो नाही वर."

"कधीच नाही?"

"बस सोडून कुठं जाणार? ड्रायव्हर खालीच थांबतो."

"तीस वर्षं!" रुस्कानं काठी दगडावर आपटली. "अरे, तीस वर्षं बैल घाण्याला फिरतो, त्यालाही तेलाचा वास माहीत असतो. तू करत काय होतास इथं?"

काय करत होता? टपरीत ड्रायव्हर मंडळींबरोबर फासे टाकत होता. कॉफी पीत होता. काचा पुसत होता. जेवण झालं की मागच्या लांब सीटवर आडवा होत होता. वेळ झाली की तीन हॉर्न द्यायचा, दोन लांब आणि एक आखूड. मग बिस्त्रा आपली चाळीस माणसं घेऊन लगबगीनं उतरून यायची, गाल लाल झालेले, घसा बसलेला. "निघायचं?" तो म्हणायचा. "निघू," ती म्हणायची. झाला देश बघून.

पहिल्या पहिल्या वर्षी ती म्हणायची, "चल ना आज वर. एकदा तरी ये." तो म्हणायचा, "काय आहे तिथं? दगड आणि लाकूड." मग कधीतरी तिनं विचारणं बंद केलं. नक्की कधी, ते काही त्याच्या लक्षात नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगाच?

शेवटी एका भाजीवालीनं रस्ता दाखवला. निळ्या भिंतीचं, पुढं आलेल्या सज्जाचं घर. आत जोडे काढून जायचं. दारातल्या तिकिटाच्या बाईनं कागद बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आमची बिस्त्रा? अगं बाई! अशी कशी गेली? आणि तुम्ही कोण, नातेवाईक?"

"मी नवरा."

"नवरा?" ती गोंधळली. "तिचा नवरा तर तो... तो हॉर्नवाला ना?"

"तोच हा," रुस्का म्हणाली. "आज सुटलाय."

बाई रडता रडता हसली, मग ओशाळली. म्हणाली, "या खोलीत बसून ती सांगायची. या घरातल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. मी शंभरदा ऐकलेली, तरी दर वेळी तिकिटं सोडून आत यायची." मेतोदी त्या खोलीत गेला. भिंतीला लागून लाल गालिचे घातलेली बैठक, वर नक्षीचं छत. तो बराच वेळ उभा राहिला. ये, तो मनात म्हणाला, मी आलोय बघ. मागून शाळेची पोरं आली, त्यांच्या बाईंनी "पुढं सरका आजोबा" म्हटलं, आणि तो पुढं सरकला.

तर्नोवोला पोचेपर्यंत दुपार कलली होती. तिथं किल्ल्याच्या दाराशी रुस्कानं एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "हे माझ्या बापाच्यानंही होणार नाही. तू जा." तो एकटा चढला. टेकडीच्या माथ्यावरच्या देवळापर्यंत गेला, छातीचा भाता झाला होता. खाली नदी गावाला वळसे घालत गेलेली, घरं एकावर एक चढलेली. इतकं सुंदर होय हे गाव? त्याला राग आला, कुणावर ते कळेना. त्यानं तिला हळूच हाक मारली. शेजारी फोटो काढणाऱ्या दोन पोरींनी वळून बघितलं, तसा तो खोकल्याचं निमित्त करून खाली उतरला.

रात्रीच्या मुक्कामाला बिस्त्रा उतरायची तेच घर होतं. मालकिणीनं कागद दारावर लावला, सूप वाढलं, राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, दोन छोटे पेले भरून ठेवले आणि शहाण्या बाईसारखी आत निघून गेली. मेतोदीनं पेल्यातले चार थेंब जमिनीवर सांडले, मेलेल्यांसाठी. मग इतके दिवस जे विचारायची हिंमत झाली नव्हती ते त्यानं विचारलं.

"ताई, दवाखान्यात वर असताना ती काही म्हणाली का?"

रुस्कानं सुपाचा चमचा खाली ठेवला. "आज विचारतोस?"

"भीती वाटत होती."

"वाटायलाच हवी."  मग तिचा आवाज उतरला. "म्हणाली. तुझंच नाव घेतलं, आणखी कुणाचं घेणार? म्हणाली, मेतोदी कुठाय. मी म्हटलं, गाडी लावतोय, येईलच. तर हसली. म्हणाली, नाही गं ताई, तो वर यायचा नाही. तो खालीच थांबतो."

मेतोदीनं समोरचा पेला लांब सारला.

"रागानं नव्हती म्हणाली," रुस्का म्हणाली. "रागानं म्हणाली असती तर मीच तुला पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलं असतं, मजा घेत घेत. ती हसून म्हणाली, म्हणून मला सांगवेना. तुझी अजिबात दया येत नव्हती मला, मेतोदी. आताही येत नाही. सूप पी, गार होतंय."

त्यानं सूप प्यायलं. शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायलं, कारण ती समोर बसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चाळिसाव्या, ते त्र्याव्नाला गेले. तिथं रुस्काही आली, गाव सपाट होतं. एका जुन्या घरात छतावर लाकडात कोरलेला सूर्य आहे, तो बघायला दोघं माना वर करून उभी राहिली. तिथला म्हातारा राखणदार सांगत होता, बिस्त्रा प्रवाशांना इथं जमिनीवर आडवं व्हायला लावायची, मान दुखू नये म्हणून. वकील, डॉक्टर, सगळे आडवे. रुस्का खुदकन हसली आणि लगेच तिनं रुमालाचं टोक तोंडात धरलं. मेतोदी म्हणाला, "मला कधी सांगितलं नाही तिनं." रुस्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. घरी गेल्यावर बिस्त्रा सांगायला लागायची की. हाच म्हणायचा, "दिवसभर बोलतेस, आता तरी गप बस."

ती गप बसायची. गुणाची होती.

राहिलं एक शिपका. त्यांच्या फेरीचा शेवटचा मुक्काम. घाटमाथ्यावर थांबायचं, प्रवासी पायऱ्या चढून लढाईच्या दगडी स्मारकापर्यंत जायचे, आणि खालच्या हॉटेलात म्हशीचं दही मिळायचं, वर रानफळांचा मुरांबा घातलेलं. मेतोदी दर वेळी दोन वाट्या दही खायचा. त्या हॉटेलचा पोऱ्या म्हातारा झाला, मालक झाला, त्याची पोरं परदेशी गेली, सगळं मेतोदीला माहीत. वरचं स्मारक मात्र त्यानं फक्त आरशात बघितलेलं.

ते पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती. वारा सुटला होता आणि दरीतून धुकं वर सरकत होतं. हॉटेलवाल्यानं धावत येऊन मिठी मारली, न विचारता दोन वाट्या दही आणून ठेवलं. मेतोदीनं हात लावला नाही.

"सूर्य अजून आहे," तो म्हणाला. "मी जातो."

"धुकं येतंय, गाढवा. आणि तुझ्या छातीचं काय?" रुस्का म्हणाली.

"ताई, आजचाच दिवस आहे."

 मग तिनं पातेल्यातला उरलेला गहू एका वाटीत काढून त्याच्या हातात दिला. "वर जो कुणी भेटेल त्याला दे. आणि पडू नकोस. मी गाडीत बसते."

पायऱ्या संपता संपत नव्हत्या. दर थोड्या पायऱ्यांनी तो थांबे, कठडा धरे, वाटी सांभाळे. बिस्त्राचे पाय संध्याकाळी सुजलेले असायचे ते त्याला आठवलं. ती मोरीत गरम पाण्यात पाय घालून बसायची आणि हा म्हणायचा, "तुझं काय, तू नुसती बोलतेस. गाडी मी चालवतो." हे सगळं तिनं आठवड्यातून दोनदा चढलं होतं. पन्नाशीत, पंचावन्नाव्या वर्षी, सर्दीतापात.

वर स्मारकाच्या दारात एक बाई कुलूप लावायच्या तयारीत होती. त्स्वेतेलिना तिचं नाव, कोटावर अडकवलेल्या पट्टीवर होतं. "बंद झालं, आजोबा," ती म्हणाली, आणि त्यानं कागद पुढं केला. ती वाचत राहिली. मग तिनं कुलूप बाजूला ठेवलं, तळहात पुढं केला, गहू घेतला, खाल्ला. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली. "तुम्ही निळ्या बसवाले ना?"

"तुम्ही कसं ओळखलं? मी कधी वर आलो नाही."

"म्हणूनच." ती त्याला हाताला धरून कठड्याशी घेऊन गेली. "इथं उभी राहायची ती. सगळं सांगून झालं, लढाई, थंडीत गोठून मेलेले सैनिक, सगळं, की शेवटी लोकांना या जागी आणायची. म्हणायची, ते खाली निळं टप दिसतंय ना, त्यात माझा नवरा झोपलाय. चला, त्याला हात करू. आणि सगळे हात हलवायचे. चाळीस माणसं. लहान मुलं तर नाचायची. आम्ही आतून बघायचो, आज तरी तो वर बघतोय का."

मेतोदीनं खाली बघितलं. धुक्याच्या फटीतून मोटारी लावायची जागा दिसत होती, आणि तिच्या कडेला आपली लाडा, काडेपेटीएवढी.

"मी नाही बघितलं," तो म्हणाला.

"नाही. कुणीतरी म्हणायचं, काय हा माणूस! तर तिला आवडायचं नाही. म्हणायची, झोपू द्या, आपल्या सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो. मग अशी वाऱ्याकडं तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, आता तुम्हाला एक शेवटची गोष्ट सांगते, ही पुस्तकात नाहीये, माझी स्वतःची आहे."

"कुठली गोष्ट?"

"कुणास ठाऊक! तेवढ्यात तुमचा हॉर्न वाजायचा. दोन लांब, एक आखूड. की ती लगेच हात झटकायची, चला चला, बोलावणं आलं. हसतच निघायची पायऱ्यांकडं."

"पण कधीतरी सांगितली असेल ना पूर्ण?"

"मी असताना तरी नाही," त्स्वेतेलिना म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, घाई नाही, कधीतरी तो वर येईल, तेव्हा सांगेन."

मग तिचं तिला काय वाटलं कुणास ठाऊक. "तुम्ही थांबा हवं तर, मी आत आहे," असं म्हणून ती निघून गेली.

मेतोदी एकटा उरला. दोन दिवस घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. मी येतच होतो, बिस्त्रा. जागा मिळत नव्हती गं. पण त्या कठड्याशी उभं राहून ते वाक्य बाहेर पडेना. ते खरंच नव्हतं. तो येत नव्हता. तो सफरचंद खात होता. तीस वर्षं ती इथून हात हलवत होती आणि हा दही खाऊन मागच्या सीटवर पसरला होता. काखेत कळसा म्हणायला तो आता काखेतही राहिला नव्हता. त्याला रडू फुटलं. कुणी बघेल याची फिकीर न करता, नाक पुसायचंही न सुचता तो लहान पोरासारखा रडला.

धुकं चढत चढत पायऱ्यांवर आलं. खालची जागा गेली, लाडा गेली, हॉटेलचं छप्पर गेलं. पश्चिमेला ढगामागं एक तांबूस डाग तेवढा उरला होता, तोही विझत चालला होता.

आणि खालून हॉर्न वाजला.

रुस्काच असणार. धुकं बघून जीव घाबरा झाला असेल तिचा, म्हातारा वर कुठं पडला की काय म्हणून. बाईला गाडी चालवता येत नाही, पण हॉर्न कुठं असतो ते माहीत होतं. लांब, लांब, लांब, नुसता दाबून धरल्यासारखा. इथं वर तो केवढा मोठा ऐकू येत होता! दरीत आपटून परत येत होता. मेतोदीला कधी वाटलंच नव्हतं की वर तो असा येत असेल. उभ्या माणसाच्या पाठीत कुणी बोट खुपसावं तसा. त्याचे पाय आपोआप पायऱ्यांकडं वळलेसुद्धा.

मग तो थांबला. परत कठड्याशी आला. गव्हाची वाटी त्यानं दगडावर ठेवली, टोपी काढली आणि त्या पांढऱ्या धुक्याकडं तोंड केलं.

"वाजू दे गं," तो म्हणाला. "तू बोल."

खाली हॉर्न वाजत राहिला. मेतोदी दोन्ही हातांनी कठडा धरून, मान जराशी वाकडी करून ऐकत उभा राहिला.